लेकीचा नंबर आणि रात्रीच्या लेन्स

तिसरीत असताना लेकीला पहिला चष्मा लागला, मायनस एकचा. चौथी संपता संपता नंबर पावणेतीनवर गेला. दर सहा महिन्यांनी नव्या काचा आणि चष्म्याच्या दुकानात तोच सल्ला, गाजर द्या, टीव्ही बंद करा. मी स्वतः मायनस आठची. पडद्याला भोक पडलं म्हणून मला लेसर करून घ्यावं लागलंय, त्यामुळे हिचा नंबर कुठवर जाणार या विचाराने झोप लागायची नाही.

शेवटी पुण्यात मुलांचे डोळे तपासणाऱ्या डॉक्टर बाईंकडे गेलो. थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून त्यांनी नंबर काढला. मग एका यंत्रावर हनुवटी टेकवून डोळ्याची लांबी मोजली. उजवा डोळा २४.३१ मिलिमीटर. "साध्या चष्म्याने दिसायची सोय होते, पण डोळा लांब व्हायचा थांबत नाही," त्या म्हणाल्या. ही लांबी एक मिलिमीटरने वाढली की नंबर साधारण अडीच-तीनने चढतो. इतकी वर्षं चष्मा लावूनही हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी तीन मार्ग सांगितले: ॲट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब, खास काचांचा चष्मा किंवा ऑर्थो-के. आम्ही शेवटचा निवडला. ही कडक, पण प्राणवायू जाऊ देणारी लेन्स रात्री घालून झोपायचं. बुबुळाचा वरचा पातळ थर मधोमध किंचित सपाट होतो आणि सकाळी लेन्स काढली की दिवसभर चष्म्याविना दिसतं. कडेच्या भागात प्रकाश पडद्याच्या पुढे पडतो, त्यामुळे डोळ्याची वाढ मंदावते असं मानतात. लेन्स सोडली की बुबुळ पुन्हा मूळ आकारावर येतं. हाँगकाँगच्या २०१२ सालच्या अभ्यासात दोन वर्षांत डोळ्याची वाढ सरासरी ४३ टक्के कमी झाली होती. म्हणजे वाढ मंदावते, थांबत नाही, हे बाईंनी दोनदा बजावलं.

पहिल्या रात्री पाऊण तास गेला. टेबलावर आरसा आडवा ठेवायचा, लेन्सच्या वाटीत डोळा ओला ठेवणारे थेंब काठोकाठ भरायचे, लेकीने मान पूर्ण खाली घालायची आणि लेन्स वर न्यायची. बुडबुडा राहिला की पुन्हा सुरुवात. आठवड्याभरात तिचा हात बसला. डावी लेन्स मात्र रात्री सरकायची, दिव्यांभोवती वलयं दिसायची. बुबुळाचा नकाशा पुन्हा काढून ती बदलावी लागली.

सकाळी लेन्स डोळ्याला चिकटलेली असते, हे आधी ऐकलं असूनही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले. ओढायची नाही. तेच ओलाव्याचे थेंब घालून पाच मिनिटं थांबायचं, खालच्या पापणीने लेन्सची कड हलकेच दाबायची, आणि पापणी मिटताना लेन्स हलताना दिसली की मगच काढायची.

खरी जोखीम आहे ती पाण्याची. गणपतीत कोकणात गेलो होतो. आईंनी मायेपोटी नातीची लेन्सची डबी विहिरीच्या पाण्याने स्वच्छ विसळून उपडी घालून ठेवली होती. अशा पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याचा संसर्ग बुबुळाला झाला तर दृष्टीवर बेततं. मी डबी फेकली, आणि आईंना जवळ बसवून सगळं समजावलं. लेन्स घालून झोपल्याने संसर्गाचा धोका वाढतोच. हे त्यांना आणि सगळ्या घराला माहीत असलंच पाहिजे. लेन्स नळाच्या पाण्यानेही धुवायची नाही. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना, की लेन्स बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. ताप-सर्दीतही आम्ही सुट्टी घेतो. तेवढे दिवस जुना चष्मा लागतो, म्हणून तो टाकलेला नाही.

खर्च चष्म्याच्या कितीतरी पट आहे आणि तपासण्या चुकवून चालत नाहीत. ज्या घरात रात्री कुणी उभं राहून हात धुवायला लावणार नाही, तिथे मी ॲट्रोपिनचे थेंब किंवा खास काचांचा चष्माच सुचवेन.

वर्ष झालं. उजवा डोळा २४.४५. बाईंनी आलेख दाखवला तेव्हा मी तो आकडा वहीत दोनदा लिहिला.

धाकटा सहा वर्षांचा आहे, त्याला अजून नंबर नाही. तरी त्याच्याही डोळ्याची लांबी मोजून आणली. बाहेरच्या उजेडात खेळल्याने नंबर लागणं लांबतं, म्हणून संध्याकाळी दिवे लागेपर्यंत दोघंही मैदानावर असतात.