तुम्ही विचारलंत म्हणून: सर, तुम्ही स्वतः कुठवर खेळलात?

प्रवेश सुरू झाले की जिमखान्यात हा प्रश्न येतोच. मुलगा दाराशी उभा असतो, वडील समोरच्या खुर्चीत. आधी बेसबॉल आणि सॉफ्टबॉल यांत फरक काय ते विचारून होतं, मग सरावाच्या वेळा, मग अभ्यासाचं काय. उठता उठता जरा आवाज खाली येतो: "सर, तुम्ही स्वतः कुठवर खेळलात?"

मी खरं तेच सांगतो. विद्यापीठाच्या संघातून एक आंतरविद्यापीठ स्पर्धा, तीन सामने, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर. त्यानंतर खांदा गेला. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला मला दिसतो, आणि त्यात गैर काही नाही. आपला मुलगा कुणाच्या हाती द्यायचा हे बापाने बघायलाच हवं. फक्त उभ्या उभ्या देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. त्यासाठी मला अमेरिकेतले बेसबॉल प्रशिक्षक रॉड डीडो यांची गोष्ट सांगावी लागते.

डीडोंचा जन्म 1914 चा, न्यू ऑर्लिन्सचा. वाढले मात्र लॉस एंजेलिसमध्ये आणि तिथल्याच युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाकडून शॉर्टस्टॉपला खेळले. 1935 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने त्यांना घेतलं, म्हणजे थेट मेजर लीग, अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक लीग. तिथे ते दोन सामने खेळले. चार वेळा बॅट घेऊन उभे राहिले, एक हिट मारली, म्हणजे एकदा चेंडू मारून सुखरूप बेस गाठला. पुढे पाठीला दुखापत झाली आणि खेळाडू म्हणून सगळं तिथेच संपलं. नोंदवहीत एवढीच एक ओळ आहे.

पोट भरायला त्यांनी ट्रकने माल वाहून नेण्याचा धंदा उभारला आणि तो पुढे चांगला वाढला. 1942 मध्ये त्यांच्या जुन्या विद्यापीठाचे प्रशिक्षक सॅम बॅरी युद्धामुळे नौदलात गेले आणि संघ डीडोंकडे आला. बॅरी परतल्यावर दोघांनी मिळून संघ सांभाळला. 1948 चं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद दोघांचं. अंतिम फेरीत समोर येल विद्यापीठ होतं आणि येलच्या फर्स्ट बेसवर जॉर्ज बुश, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते थोरले बुश. 1950 मध्ये बॅरी वारले. त्यानंतर 1986 पर्यंत डीडो एकटे. एकूण अकरा राष्ट्रीय विजेतेपदं, त्यांतली पाच सलग, 1970 ते 1974. आणि या कामाचा पगार घेत ते वर्षाला एक डॉलर! घर ट्रकवर चालायचं. मी पगारावर जगणारा माणूस आहे, तेव्हा त्यांच्याशी बरोबरी सांगत नाही. पण दिवसभर धंदा सांभाळून रोज मैदानावर येणारा माणूस तिथे कशासाठी येत असेल, हा विचार मी पुष्कळदा केलाय.

1973 चा एक सामना मी दरवर्षी नव्या मुलांना सांगतो. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी, समोर मिनेसोटा विद्यापीठ. त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डेव्ह विनफिल्ड, साडेसहा फुटी. डीडोंच्या पोरांना त्याचा चेंडू दिसतच नव्हता, पंधरा वेळा त्याने स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये फलंदाजाला बाद केलं. नववी, म्हणजे शेवटची इनिंग (डाव) आली तेव्हा धावफलक होता मिनेसोटाच्या बाजूने 7-0. आपल्याकडे क्रिकेटची सवय असते, त्यामुळे मुलांना मी इथे थांबवून समजावतो. बेसबॉलमध्ये षटकं संपत नाहीत, घड्याळ संपत नाही. तीन आउट शिल्लक आहेत, आणि तिसरा होईपर्यंत कितीही धावा काढता येतात. त्या एका इनिंगमध्ये डीडोंच्या संघाने आठ धावा काढल्या. सामना 8-7. पुढे अंतिम सामनाही जिंकला.

मुलं विचारतात, डीडोंनी तेव्हा आपल्या पोरांना काय सांगितलं? मला वाटतं, सांगायचं ते आधीच सांगून झालेलं असणार. डीडोंचा कटाक्ष डोक्याच्या चुकांवर असे. चेंडू ग्लोव्हमधून सुटला तर सुटला, हात माणसाचा आहे. पण किती आउट झालेत ते विसरणं, कुठल्या बेसवर फेकायचं ते आधी न ठरवणं, हे त्यांना खपत नसे. सात धावा मागे असतानाही बेसवरचा खेळाडू घाईने मूर्खासारखा आउट होत नाही, ही त्या रोजच्या सरावाचीच कमाई.

त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावं बेसबॉल पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक असतील: टॉम सीव्हर, फ्रेड लिन, रँडी जॉन्सन, मार्क मॅग्वायर. मला त्यांत डेव्ह किंगमन जास्त जवळचा वाटतो. तो आला होता पिचर म्हणून. डीडोंनी त्याला आउटफिल्डला, म्हणजे बेसच्या मागच्या दूरच्या मैदानात नेलं, रोज बॅटिंग करायला लावली, आणि मेजर लीगमध्ये त्याने चारशेच्या वर होम रन मारले. पिचरला पिचिंगवरून काढणं म्हणजे काय, हे ज्यांनी एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाला तसं सांगितलंय त्यांनाच कळेल. मुलगा रडतो. घरून फोन येतात.

1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल प्रदर्शनीय खेळ होता आणि अमेरिकेचा संघ डीडोंकडे होता. घरचं मैदान, सत्तरीतले प्रशिक्षक, आणि अंतिम सामन्यात जपानने हरवलं. त्याच्या वीस वर्षं आधी, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकला अमेरिकेचा संघ घेऊन जपानमध्ये खेळायला गेले होते, तेही डीडोच. 2006 च्या जानेवारीत, वयाच्या एक्क्याण्णव्या वर्षी ते गेले.

ज्या दोन सामन्यांवर त्यांचं खेळणं संपलं, ते त्यांनी पुढल्या पंचेचाळीस हंगामांत कसे वापरले असतील, याचा अंदाज मी माझ्या तीन सामन्यांवरून करतो. तिसऱ्या सामन्यात, दोन आउट असताना, मी चेंडू सेकंड बेसऐवजी होमला, म्हणजे जिथे पोचल्यावर धाव होते त्या बेसवर फेकला. धाव झालीच, वर मागचा खेळाडूही पुढे सरकला. तो चेंडू माझ्या हातून सुटला नव्हता, मी तो चुकीच्या जागी फेकला होता. त्या दिवसानंतर एकाही सरावात मी मुलांना "किती आउट?" असं विचारल्याशिवाय चेंडू मारलेला नाही.

या आठवड्यात एक वडील येऊन गेले. त्यांच्या मुलाला पिचर व्हायचंय. हात जोरदार आहे त्याचा, पण उंच उडालेल्या चेंडूखाली तो ज्या तऱ्हेने आधीच जाऊन उभा राहतो ते मी दोनदा पाहिलं. उद्या सकाळी सहाला सराव आहे. त्याला सेंटर फिल्डला, म्हणजे आउटफिल्डच्या मधोमध पाठवणार आहे, आणि का पाठवतोय ते त्याच्या वडिलांना मी आज संध्याकाळी स्वतः फोन करून सांगणार आहे.