तुम्ही विचारलंत म्हणून: कर्नाटकात शिकून मराठी असं कसं?

पुण्यात येऊन मला 30 वर्षं होऊन गेली, पण हा प्रश्न काही सुटलेला नाही. नवी ओळख झाली, गाव विचारलं, मी बेळगाव म्हटलं की समोरचा हटकून म्हणतो, "म्हणजे कर्नाटकात शिकलात! मग मराठी इतकं चांगलं कसं हो?" विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. मी आजवर "आमच्याकडं मराठी शाळा आहेत की" एवढं सांगून विषय संपवत आलो. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका तरुण मुलीनं पुढचा प्रश्न विचारला, "पण शिकवलं कुणी?" त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येईना. म्हणून आता नीट सांगतो.

शाळांचं आधी सांगून टाकतो. 1 नोव्हेंबर 1956 ला चंदगड सोडून बाकीचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. मराठी शाळा होत्या तिथंच राहिल्या. आम्ही पहिलीपासून मराठीतून शिकलो, वरच्या वर्गात कन्नड विषय आला आणि दहावीला एसएसएलसी बोर्डाचा पेपर दिला. त्यात नवल काही नाही.

पहिली ते चौथी आम्हाला ज्या बाई होत्या, त्या बेळगावातल्याच ट्रेनिंग कॉलेजात शिकलेल्या. इंदिरा संत तिथं शिकवायच्या, हे बाई फार अभिमानानं सांगत. कविता म्हणताना त्या पुस्तक मिटून ठेवायच्या आणि खिडकीबाहेर बघत म्हणायच्या. मराठी कानाला गोड लागतं हे मला त्यांच्यामुळं कळलं. त्यांचं ऋण मोठं आहे, पण ते सरळ आहे. पुढचं सरळ नाही.

हायस्कूलला मराठीचे सर आले. विद्वान माणूस. समास, अलंकार, वृत्तं त्यांनी अशी घोटून घेतली की आजही शार्दूलविक्रीडिताचे गण मी झोपेत सांगेन. पण आमचं बोलणं त्यांना सहन होत नसे. आमच्याकडं घरात, गल्लीत 'काय करून लागलास?', 'जेवून लागलोय' असंच बोलतात. वर्गात तोंडातून ते निसटलं की सर म्हणायचे, "ही भाषा आहे का? अर्धी कानडी, अर्धी गावठी." आणि पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायचे.

माझ्या शेजारी बाकावर एक मुलगा बसायचा. बेळगावातल्याच वडगावचा, मागवाल्यांच्या घरचा. रात्री यंत्रमाग चालू असले की त्याला घरी कांड्या, म्हणजे सुताच्या नळ्या भराव्या लागत. सकाळी यायचा तेव्हा डोळे लाल आणि शर्टाच्या बाहीला सुताची कुसं चिकटलेली. एकदा सरांनी विचारलं, निबंध का नाही आणला? तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, रात्री कांड्या भरून लागलो होतो." वर्ग हसला नाही, कारण आम्ही सगळेच तसं बोलायचो. सरांनी त्याला फळ्याजवळ बोलावलं. "'भरत होतो' म्हण. पन्नास वेळा म्हण." तो म्हणत गेला. वीस-बावीस झाल्यावर त्याचा आवाज बसला, तरी सर मोजत राहिले.

निबंध का झाला नाही, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. रात्री कितीला झोपलास, हेही नाही. त्यानंतर तो वर्गात तोंड उघडीना. नववी संपली आणि तो मागावर बसला तो बसलाच. मी शाळेत राहिलो, पण घरचं मराठी वेगळं आणि शाळेचं वेगळं अशी दोन खाती मनात उघडली. वर्गात बोलायचं झालं की आधी मनात वाक्य तपासायचं, मग बोलायचं. बरेचदा तपासण्यातच वेळ जायचा आणि हात खाली यायचा. या सरांना मी अजून माफ केलेलं नाही. त्यांचं व्याकरण माझ्या उपयोगी पडलं, रोज पडतं, तरीही नाही.

आणि मग कन्नडचे सर. बैलहोंगलकडचे. मराठी त्यांना मोडकं यायचं, आणि ते आमच्याकडूनच शिकायचे. कन्नडात निर्जीव वस्तू सगळी 'अदु', म्हणजे 'ते'. त्यामुळं आमच्या खुर्चीचं आणि टेबलाचं त्यांना कोडं पडायचं. "खुर्ची बाई कशी रे? आणि पंखा गडी कसा?" असं मनापासून विचारायचे. आम्हाला सांगता यायचं नाही. मग घरी जाऊन मी विचार करत बसायचो. आपल्या भाषेकडं असं बाहेरून बघता येतं, हे मला त्या बाकावर कळलं.

अक्षरं शिकवताना ते फळ्यावर आधी देवनागरी 'क' काढायचे. "तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेली. आमच्या अक्षराला ज्याचा त्याचा फेटा." कन्नड अक्षराच्या डोक्यावरच्या त्या खुणेला तलेकट्टु म्हणतात. तले म्हणजे डोकं, कट्टु म्हणजे बांधणं. ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ' आमच्या जिभेला वेगळे यायचे नाहीत. त्यावर त्यांचं ठरलेलं उदाहरण: 'कोडु' आखूड म्हटलं तर दे, लांबवलं तर शिंग. पेन मागताना कुणी लांबवलं की ते दोन बोटं डोक्याला लावायचे, आणि पेन द्यायचेच.

त्यांच्याकडं निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. आमच्या तोंडून नवीन शब्द आला की ते थांबायचे आणि वहीत कन्नड लिपीत लिहून घ्यायचे. तूप म्हणजे तुप्प. अडकित्ता म्हटल्यावर तर ते उठून उभे राहिले: अडकी म्हणजे सुपारी, कत्तरी म्हणजे कातर! आणि एक दिवस 'करून लागलोय'. माझ्याच तोंडून निसटलं. मी सवयीनं बोटं मुडपून घेतली. सर म्हणाले, "परत म्हण." मी म्हटलं. "अरे, आमच्याकडं 'माडलिकत्तीनि' म्हणतात. करायला लागलोय. तुझी आई आणि माझी आई एकाच चुलीवर बोलायला शिकल्या काय रे?" ज्या शब्दासाठी पट्टी बसायची, तो त्यांनी वहीत लिहून घेतला.

1986 चा जून आमच्या पिढीतला कुणी विसरणार नाही. कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार झाला, आमची माणसं गेली. बेळगावजवळ हिंडलग्याला हुतात्मा स्मारक आहे, तिथं दरवर्षी लोक जमतात. शाळा परत भरली तेव्हा कन्नडच्या तासाला वर्गात एकानंही पुस्तक काढलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं. सर आले, त्यांनी आमच्या रिकाम्या बाकांकडं पाहिलं, आपलं पुस्तक दप्तरात परत ठेवलं आणि पहिल्या बाकाच्या कडेला बसले. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी माझ्या शेजाऱ्याला विचारलं, "तुमच्या मागाच्या त्या लाकडाला काय म्हणतात, इकडून तिकडं पळतंय ते?" तो म्हणाला, "धोटा." कित्येक महिन्यांनी त्याचा आवाज वर्गात ऐकू आला. मग फणी आली, कांडी आली, ताणा-बाणा आला. माग म्हणजे मग्ग, हे सरांनी सांगितलं. तास संपेपर्यंत तो बोलत होता आणि आपल्याच पद्धतीनं बोलत होता.

मी लिहायला लागलो तो त्या वर्षी. वहीच्या मागच्या पानांवर, आईच्या बोलण्यातले शब्द. मराठीच्या सरांनी मला मराठीची भीती घातली होती, ती कन्नडच्या सरांनी काढली. तुम्ही विचारता ना, कर्नाटकात शिकून मराठी असं कसं? त्याचं खरं उत्तर हे आहे.

चार वर्षांपूर्वी मी बैलहोंगलला सरांना भेटून आलो. दृष्टी गेल्यात जमा आहे, पण आवाजावरून ओळखलं. वही अजून होती. त्यांच्या सुनेनं काढून दिली. प्रत्येक शब्दापुढं तो कुणी दिला त्याचं नाव लिहिलेलं. धोट्याच्या पानाचा मी फोटो काढला आणि वडगावला पाठवला. कन्नड वाचायला आम्हाला त्याच सरांनी शिकवलेलं, त्यामुळं त्याला नाव लगेच लागलं. थोड्या वेळानं त्याचा आवाज फोनवर आला, मागाची खडखड मागं चालू होती.

"माझं नाव हाय की रे त्यात. मी परत परत बघून लागलोय."