मधूनच वाजवा

"चौथ्या ओळीपासून घ्या," व्हायोलिनच्या बाई म्हणाल्या आणि माझी बोटं तारांवर नुसती लटकली. तीच ओळ सुरुवातीपासून वाजवत आलो की बिनबोभाट येते. मधूनच उचलायला सांगितलं की पाटी कोरी. शाळेत कवितेचं तिसरं कडवं विचारलं की आपण मनातल्या मनात पहिल्यापासून पुटपुटत यायचो ना, तसंच.

व्हायोलिन हातात धरलं तेव्हा मी ५१ वर्षांचा होतो. माणसांची नावं विसरायला लागलो होतो आणि वाद्य शिकलं की स्मरणशक्ती वाढते, असं कुणीतरी ठासून सांगितलं होतं. तीन वर्षं झाली. नावं अजून विसरतो. चष्मा कपाळावर असतो आणि मी घरभर शोधत असतो.

मेंदूत काहीच घडत नाही असं मात्र नाही. १९९५ साली तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास झाला. डाव्या हाताच्या बोटांचा स्पर्श जिथे नोंदला जातो तो भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा निघाला. गज धरणाऱ्या उजव्या हाताचा तसा नाही. लहानपणी सुरुवात केलेल्यांत फरक जास्त. (५१व्या वर्षाचं काय, ते मी विचारलेलं नाही.)

क्लाइव्ह वेअरिंग या इंग्रज संगीतज्ञाला १९८५मध्ये विषाणूमुळे मेंदूज्वर झाला. हिपोकॅम्पसची, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाची, वाट लागली, नवीन काही मिनिटभरही लक्षात राहीना. बायको खोलीबाहेर जाऊन आली तरी वर्षांनी भेटल्यासारखा आनंद. पण पियानोवर बसवलं की वाजवायचा. म्हणजे हातांची आठवण वेगळ्याच कप्प्यात राहते. त्यात लहान मेंदूचा वाटा मोठा. ती वाढली म्हणून शेजाऱ्याचं नाव कसं आठवणार?

बाईंचा उपाय साधा. कागदावर पेन्सिलीने पाच फुल्या मारल्या आणि म्हणाल्या, "रोज एकेका फुलीपासून सुरू करायचं. सुरुवातीला जायचंच नाही." पहिले पंधरा दिवस वैताग. साखळी तोडून प्रत्येक तुकड्याला स्वतःचं दार करायचं, असं काहीसं चाललं होतं. आता तिसऱ्या फुलीवर डोळे मिटले तरी मधलं बोट बरोबर पडतं. सूर नंतर आठवतो, बोट आधी.

चौथीवर अजून अडखळतो. चोरून तिसरीपासून सुरू करतो आणि बाईंना ते पहिल्याच सुराला कळतं.