जॉनी मारची गिटार एवढी भरगच्च का वाजते?

द स्मिथ्स या ब्रिटिश बँडचं नाव घेतलं की आधी गायक मॉरिसीचे शब्द आठवतात. पण १९८२ साली मँचेस्टरमध्ये हा बँड जमला तेव्हा सगळीकडे सिंथेसायझरचा बोलबाला होता. त्यात यांची गाणी उठून दिसली ती बँडचा गिटारवादक जॉनी मारच्या गिटारमुळे. लांबलचक सोलोंच्या वाटेला तो फारसा गेला नाही. कॉर्ड, म्हणजे सुरांचा गुच्छ, एका झटक्यात न वाजवता तारा सुट्या छेडायच्या आणि त्यातूनच चाल पुढे न्यायची, ही त्याची रीत. मारच्या हातात रिकनबॅकर कंपनीची गिटार दिसली की सगळे अमेरिकन बँड बर्ड्‌सचं नाव घेतात. मला मात्र त्याच्या बोटांत स्कॉटिश लोकसंगीतातला गिटारवादक बर्ट यान्श जास्त ऐकू येतो, आणि थरावर थर चढवण्याच्या सवयीत साठच्या दशकातले गर्ल ग्रुप्स, म्हणजे तरुणींचे गायनगट.

मार अनेकदा गिटार दोन फ्रेट, म्हणजे तिच्या मानेवरच्या दोन आडव्या पट्ट्यांएवढी, चढी ट्यून करायचा. तसं केलं तर ताण वाढून तारा तुटू शकतात. त्यापेक्षा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा. तो फ्रेटला खेटून हवा. मागे राहिला तर तारा भणभणतात, फार आवळला तर सूर चढतात. लावल्यावर पुन्हा ट्यून करायचंच.

स्मिथ्सच्या 'हाऊ सून इज नाऊ?' या गाण्यातली गिटारची थरथर मात्र नुसत्या हाताने येत नाही. १९८४ मध्ये मार आणि निर्माता जॉन पोर्टर यांनी गिटार आधी कोरीच, कुठलाही इफेक्ट न लावता, टेपवर घेतली. मग तोच ट्रॅक चार फेंडर ट्विन रिव्हर्ब अँपमधून वाजवला, चारही अँपचा ट्रेमोलो, म्हणजे आवाज लयीत कमीजास्त करणारा इफेक्ट, चालू ठेवून. हे चार ट्रेमोलो एकमेकांना बांधलेले नसतात, त्यामुळे थोड्याच वेळात ठेक्यावरून घसरतात. घसरले की थांबायचं, टेप मागे घ्यायची, वेग जुळवायचा आणि पुढचा तुकडा भरायचा. अख्खं गाणं असं तुकड्यातुकड्यांनी!

आज संगणकावर ट्रेमोलो गाण्याच्या टेम्पोला, म्हणजे वेगाला, बांधता येतो. पण चारही अगदी तंतोतंत जुळले की आवाज सपाट होतो, यंत्रासारखा. एखादा किंचित सैल सोडा आणि दोन डावीकडे, दोन उजवीकडे ठेवा. ट्रेमोलो लावूनच गिटार रेकॉर्ड केली असेल तर मग काही इलाज नाही. कोरा ट्रॅक हवाच.

एवढा खटाटोप करून झालेलं हे गाणं रफ ट्रेड या रेकॉर्ड कंपनीने आधी बारा इंची रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं. स्वतंत्र सिंगल म्हणून ते ब्रिटनमध्ये १९८५ मध्ये आलं.