नखाएवढा डाग

आज गिटारच्या टॉपला, म्हणजे पुढच्या लाकडी पृष्ठभागाला, रंग चढवला. फ्लेम मेपल, म्हणजे लाटांसारखे पट्टे असलेलं मेपलचं लाकूड. जुनं फिनिश काढण्यात मागचे दोन रविवार गेले, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसलं, वाळू दिलं, उभे राहिलेले तंतू ३२० नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढले. मग पाण्यात कालवलेला काळा डाय, म्हणजे लाकडात मुरणारा रंग. सगळा टॉप कोळशासारखा झाला आणि पोटात गोळाच आला. पण गंमत पुढे आहे. वाळल्यावर परत घासायला घेतलं, तसा बाकीचा काळा निघून गेला आणि जिथे तंतू वळून त्यांची टोकं वर आलेली असतात, तिथे तो मुरून राहिला. वाघाच्या अंगावरचे पट्टे जणू! त्यावर निळा. आता गिटार खिडकीपाशी तिरकी धरली की पट्टे जागा बदलतात, मघाचा गडद उजळ होतो. हे किती वेळ करत बसलो ते विचारू नका.

ब्रिजपाशी, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीपाशी, मात्र नखाएवढा पिवळट डाग. जुन्या गोंदाचा थेंब. गोंद असेल तिथे डाय शिरत नाही, हे माहीत असूनही नजरेतून सुटलं. घासून पुन्हा रंग दिला, तरी नीट बघितलं की दिसतोच.

संध्याकाळी मास्क लावून नायट्रो लॅकरचे (एक पारदर्शक वार्निश) तीन पातळ हात मारले. चकाकी आणायला आता तीन-चार आठवडे थांबायचं. बायकोने डाग अजून पाहिलेला नाही.