फिन्सबरी हेल्थ सेंटर, १:१०० : विंग पुन्हा कापल्या

मंडळी, लंडनमधल्या या दवाखान्याचं पुठ्ठ्याचं मॉडेल बनवणं चालू आहे. गेल्या नोंदीत दोन्ही विंग, म्हणजे इमारतीच्या दोन बाजू, चिकटवून झाल्याचं लिहिलं होतं. त्या सोडवल्या. मी त्या मधल्या भागाला काटकोनात जोडल्या होत्या आणि समोरून इमारत नुसता ठोकळा दिसत होती. मूळ इमारतीचे वास्तुकार लुबेटकिन आणि त्यांच्या टेक्टन या गटाने त्या तिरक्या, पसरत्या ठेवल्यात. येणाऱ्याला कवेत घ्यायला हात पसरावेत तशा. तो कोन चुकला की पाइन स्ट्रीटवरची ही इमारत राहतच नाही. माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा) फुकट गेला, पण आता नजरेला पटतंय.

समोरची वक्र भिंत काचेच्या विटांची. पारदर्शक शीटवर सुईने दोन-दोन मिलिमीटरच्या चौकटी कोरल्या, मग पाइपवर गुंडाळून रात्रभर ठेवली. आत दिवा लावला आणि मन भरून आलं. १९३८ साली फिन्सबरीच्या दाटीवाटीच्या, कोंदट घरांतून येणाऱ्या माणसाला दवाखान्यात पाऊल टाकताच हा उजेड भेटत होता.

सगळ्यात विचार करायला लावलं आतल्या भिंतींनी. मूळ इमारतीत खोल्यांच्या भिंतींवर भार नाही. उपचार बदलले की खोल्याही बदलता याव्यात, म्हणून नळ आणि वायरी बाहेरच्या भिंतींतल्या पोकळ्यांतून नेल्या. म्हणून मीही त्या चिकटवणार नाही. जमिनीला खाचा पाडल्यात, भिंती सरकवता येतील. क्षयरोग, दात, पाय, सूर्यकिरण-उपचार अशी सगळी दालनं एकाच छताखाली, तेव्हा ही लवचीकता मॉडेलमध्ये दिसलीच पाहिजे.

निर्जंतुकीकरणाचा विभाग आणि शवागारही दाखवणार आहे. घराला धुरी देताना त्या कुटुंबाला तात्पुरतं राहायला जागा देण्याची सोयही योजनेत होती. लंडनच्या बरोंकडे, म्हणजे फिन्सबरीसारख्या स्थानिक पालिकांकडे, मोठी सर्वसाधारण रुग्णालयं नव्हती. गरिबांसाठीची जुनी इस्पितळं १९३० पासून अख्ख्या लंडनचा कारभार पाहणाऱ्या लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली होती. बरोच्या हाती होतं ते आजार घरातून हटवण्याचं काम, आणि फिन्सबरीने ते मनापासून केलं.

ही इमारत निवडली ती डॉ. चुनीलाल कटियाल यांच्यामुळे. बरोच्या सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष तेच, आणि १९३८ मध्ये महापौरही झाले. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन कॅनिंग टाउनमध्ये भेटले, ते त्यांच्याच घरी.

आता राहिलीत गॉर्डन कलन यांची भित्तिचित्रं, मोकळ्या हवेत राहा असं सांगणारी. एवढ्या लहान आकारात छापली की अक्षरं फुटतात. ब्रशने हातानेच रंगवावीत का? आणि दर्शनी भागावरच्या फिकट टाइल्सची चकाकी कुणी वॉर्निशशिवाय साधली असेल, तर नक्की सांगा.