नायगाराची ड्यूटी

नायगाराला निघालेला प्रत्येक जण निसर्गाचं रौद्र रूप बघायला निघालेला असतो. ते रूप वेळापत्रकानुसार चालतं हे फार जणांना ठाऊक नसतं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० साली झालेल्या करारानुसार पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान १,००,००० घनफूट, म्हणजे साधारण २८ लाख लिटर पाणी कड्यावरून सोडावंच लागतं. रात्री आणि हिवाळ्यात निम्म्यावर भागतं. बाकीचं वरच्या वर वळवून वीजघरांकडे नेतात. उन्हाळ्यात सकाळी आठ ते रात्री दहा अशी ड्यूटी. एवढे तास तर आमच्या ऑफिसातही कुणी काम करत नाही!

१९६९ साली तर अमेरिकेच्या बाजूचा धबधबा काही महिने चक्क बंदच ठेवला होता. पायथ्याशी साचलेले दगड काढता येतील का, हे तपासायचं होतं. लोक तो कोरडा कडा बघायलाही आले. दगड शेवटी तसेच राहिले.

हे सगळं माहीत असूनही बोटीत चढलो. अमेरिकेच्या बाजूने गेलात तर निळा रेनकोट मिळतो, पातळ, डोक्यावरून ओढायचा. पाच मिनिटांत सगळी बोट निळी. आपलं माणूस कुठलं हे हाक मारल्याशिवाय कळत नाही आणि हाक ऐकू येत नाही. बोट नालेच्या आकाराच्या मोठ्या धबधब्यापुढे जाऊन प्रवाहाशी झगडत जागच्या जागी थरथरत उभी राहते. इथे, सगळ्यात जवळ, धबधबा दिसतच नाही. नुसतं पांढरं. चष्म्यावर पाणी, कानात गडगडाट, ओठांवर गार तुषार. फोटोत आलं ते कुणाचं तरी निळं कोपर.

गंमत म्हणजे २०२० पासून या बोटी बॅटरीवर चालतात आणि ती बॅटरी जलविद्युतेवर चार्ज होते. म्हणजे धबधब्याचं पाणी पळवून केलेल्या विजेवर आपण धबधबा बघायला जायचं.

रात्री रंगीत झोत पडतात. दहा वाजून गेल्यावरही मी मुद्दाम कठड्याशी रेंगाळलो, पाणी कमी झालेलं दिसतं का ते बघायला. मला काही फरक कळला नाही. शेजारचे तर जांभळा संपून हिरवा कधी येतोय, याच चिंतेत होते.